दुसरा निरोप

"ओळख पटली नाही," असं पडद्यावर पुन्हा उमटलं आणि तिने हातातलं पेन टेबलावर आपटलं. टोपण उडून शेजारच्या रिकाम्या खुर्चीखाली गेलं आणि तिथंच राहिलं. वाकून ते काढायचं त्राण तिच्यात नव्हतं. सकाळपासून हे एकच वाक्य चाललं होतं. लाल पट्टी, पांढरी अक्षरं, ओळख पटली नाही. अरे बाबा, नाही पटली तर नाही पटली, पण कुणाची? माझी, माझ्या डेटाबेसची, की तुम्हीच दिलेल्या त्या लांबलचक, पासवर्डसारख्या किल्लीची? एवढं तरी सांगशील! दारावर आलेल्या माणसाला हाकलायचं असलं तरी लोक निदान 'कोण पाहिजे' म्हणून विचारतात. हे मेलं नुसतं तोंडावर दार आपटणार, आणि शिवाय तळाशी बारीक अक्षरात लिहिणार, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. दिलगीर म्हणे! तिने चष्मा काढला, डोळे चोळले, चष्मा परत घातला आणि किल्ली पुन्हा पहिल्यापासून चिकटवली.

काम सांगायला गेलं तर चिमूटभर होतं, आणि साहेबांनी ते चिमूटभर करूनच सांगितलं होतं. "मॅडम, आपला डेटाबेस त्या क्लाउडवरच्या स्ट्रीमिंगला जोडायचा. बस्स." बस्स म्हणताना त्यांनी चुटकीसुद्धा वाजवली होती. हे इस्पितळाच्या लॅबचं ऑफिस. लॅबमध्ये माणसांच्या अंगातून काढलेले तुकडे येतात, त्यांच्या पातळ चकत्या कापून, रंगवून काचेवर बसवतात, आणि डॉक्टर भिंगाखाली बघून सांगतात, हे संशयास्पद की निर्धोक. तो निष्कर्ष जिथं लिहिला जातो तो डेटाबेस तिच्या ताब्यात होता, आणि इतकी वर्षं होता की त्याची कुरकूर तिला लेकराच्या रडण्यासारखी ओळखू यायची. भुकेची कोणती, झोपेची कोणती, सगळं. आजवर त्यात लिहिलेलं त्यातच राहायचं; रुग्ण यायचे, खिडकीशी उभे राहायचे, छापील कागद घेऊन जायचे. आता ते जुनाट झालं. डेटाबेसमध्ये काही बदललं रे बदललं की त्याची बातमी तत्क्षणी त्या कंपनीच्या भाड्याच्या प्रवाहात पडणार आणि तिथून थेट रुग्णाच्या फोनवर जाणार. प्रवाह सांभाळायचा कंपनीने, फोनवर निरोप धाडणारा प्रोग्राम साहेबांनी दुसऱ्या कुणाकडून आधीच करून घेतलेला, मधला एक सांधा तेवढा तिच्या गळ्यात. "लोकांना वाट बघायला लागू नये हो," साहेब म्हणाले होते. "पण असल्या गोष्टी फोनवर कळवायच्या?" तिने विचारलं होतं, तर साहेब हसले होते. साहेब वयाने तिच्या भाच्याएवढे, त्या वयात कुणी फारशी कशाची वाट बघितलेली नसते.

आणि नेमका आजच ताईने सकाळी तो विषय काढला होता. ही घराला कुलूप लावून जिना उतरत होती, एका हातात डबा, एका हातात छत्री, आणि फोन वाजला. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. तीन गल्ल्या पलीकडे राहते, भावजी गेल्यापासून एकटीच. मानेत गाठ आली म्हणून मागच्या आठवड्यात त्याच इस्पितळात तिच्या गाठीतला तुकडा काढला होता. "ठमे," ताई म्हणाली. पन्नाशीला आलेल्या बाईला ठमे म्हणणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. "तू दिवसभर तिथंच बसलेली असतेस ना? मग बघून सांग की माझं काय झालं."

"ताई, तसं करत नाहीत. आपल्या माणसाचं नाव आत शोधायचं नाही, असा नियम आहे."

"कुणी केला?"

"मीच."

"मग मोड की! स्वतः केलेला नियम मोडायला कुणाची चिठ्ठी लागते?"

"एकदा मोडला की मोडतच राहतो तो. डॉक्टर सांगतील तेव्हा कळेल."

"बरं बाई. नियमाची पोर तू," असं म्हणून ताईने फोन ठेवला होता. रागावून नाही, चिडवूनही नाही, नुसताच ठेवला. ते 'बरं बाई' तेव्हापासून तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं बसलं होतं. किल्ली चिकटवताना, बटण दाबताना, चहाचा घोट घेताना ते टोचत होतं. तिला स्वतःचाच राग येत होता, आणि ताईचा, आणि स्वतःच्या रागाचा. एक ओळ लिहायची, ताईचं नाव टाकायचं, बटण दाबायचं. एवढ्या वर्षांत तिने ते कधी केलं नव्हतं. नणंदेच्या वेळी नाही, शेजारणीच्या वेळी नाही. हातात सगळ्यांच्या घरच्या किल्ल्या असलेल्या माणसाने निदान स्वतःपुरतं डोळे मिटून चालावं, असं तिला वाटायचं.

तिने मदतीच्या नंबरावर कॉम्प्युटरवरूनच फोन लावला. क्लाउडवाल्या कंपनीचा मदतनीस फार गोड बोलायचा, इतका गोड की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची. "मॅडम, मी तुमची अडचण समजू शकतो." समजू शकतोस तर सोडव ना! "डेटाबेस चालू आहे ना मॅडम?" आहे. "इंटरनेट चालू आहे?" "अहो, तुमच्याशी या कॉम्प्युटरवरूनच बोलतेय ना मी, का कबुतरं उडवतेय?" तो यावरही गोड हसला. "एकदा डेटाबेस बंद करून चालू करून बघता का?" तिने कपाळाला हात लावला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच. इथे भिंगाशी डॉक्टर बसतात, बाहेर खिडकीशी माणसं उभी, आणि हा म्हणतो बंद करून बघा. कालचा अख्खा दिवस असाच गेला होता. काल 'उत्तर नाही' असं येत होतं, कारण इस्पितळाच्या नेटवर्कमधून बाहेर जायचं दारच बंद होतं. ते दार उघडायचा हक्क वरच्या मजल्यावरच्या नेटवर्कवाल्याकडे. तो म्हणाला, अर्ज टाका. टाकलाय. साहेबांची मंजुरी? तीही आहे. मग उघडलं असेल. नाही उघडलेलं. "अच्छा," असं म्हणून त्याने माउसची टिचकी मारली आणि दार उघडलं. एक टिचकी! त्या एका टिचकीसाठी हिचे गुडघे दिवसभर जिन्यावर झिजले.

पडद्यावर ते वाट बघायला लावणारं चक्र फिरायला लागलं की करण्यासारखं काही नसायचं, आणि करण्यासारखं काही नसलं की डोकं नको तिकडे जायचं. दहावीचा निकाल शाळेच्या भिंतीवर लागला तेव्हा तो बघायला हिची छाती झाली नाही, ताई गेली होती. सायकल दाराशी टाकून ताई आत आली, तोंड पाडून, आणि म्हणाली, "ठमे, नापास." बाकी काही नाही. ही कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन उभी राहिली. तिथं डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि भिंत गार होती, अजून तो गारपणा तिच्या दंडाला आठवतो. बरंच रडू दिल्यावर ताईने फटीत तोंड घातलं. "अगं वेडे, पास. पहिल्या वर्गात." आईने ताईला चांगलं धोपटलं. पण ताईची ती खोड काही गेली नाही. आधी वाईट सांगावं, म्हणजे मागून येणारं चांगलं दुप्पट गोड लागतं, असं तिचं शास्त्र होतं. छत्री हरवली, मग सापडली. तुझ्या नोकरीचं पत्र आलं, नाही म्हणतात... अगं हो म्हणतात! हिलाही पुढे सवय झाली. ताईने वाईट काही सांगितलं की ही रडायचीच नाही, कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "बरं, मग?" म्हणून तर बाबांच्या वेळी तसं झालं. ही वसतिगृहात होती, खाली कोपऱ्यात भिंतीला टांगलेला फोन, आणि पलीकडून ताई म्हणाली, "ठमे, बाबा गेले." ही थांबली. पाठीमागे मुली जेवायच्या घंटेने धावत होत्या. ही थांबूनच राहिली, आणि मग म्हणाली, "बरं, मग?" पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

चक्र थांबलं. ओळख पटली नाही. "तुझ्या नानाची टांग!" ती मोठ्याने म्हणाली. मग तिने किल्लीचं एकेक अक्षर बोट ठेवून वाचायला घेतलं, पहिलीतल्या पोरासारखं, मोठ्याने. शेवटच्या अक्षराशी आली तर कर्सरच्या त्या लुकलुकणाऱ्या रेघेने अक्षराला खेटून उभं राहायला हवं होतं. ती जरा लांब उभी होती. किंचित, केसभर. शेवटी एक रिकामी जागा चिकटून आली होती. कागदावर न दिसणारी, वाचताना न ऐकू येणारी, कोरी जागा. काहीच नाही, ते काहीच नाही इतका वेळ तिच्या उरावर बसलं होतं. तिने ती पुसली, बटण दाबलं आणि ओळख पटली.

पण आगीतून निघून फुफाट्यात. साहेब मागे येऊन उभेच होते, त्यांच्या हातातल्या कपातल्या कॉफीचा वास तिच्या मानेवर. पडद्यावर आता नवीन तक्रार: सह्यांच्या तक्त्यात ओळीओळीची वेगळी खूण नाही, हा तक्ता जोडता येत नाही. खरं होतं ते. दोन तक्ते जोडायचे होते. एकात निष्कर्ष, दुसऱ्यात डॉक्टरांच्या सह्या. सह्यांचा तक्ता तिच्याही आधीच्या कुणी महाभागाने केलेला, त्यात एक ओळ दुसरीपासून ओळखायची सोयच नव्हती.

"नीट करायचा तर उद्याचा दिवस जाईल," ती म्हणाली.

"उद्या वरचे लोक बघायला येणार आहेत मॅडम. तो एक तक्ता काढा तूर्तास."

"साहेब, ठरलं काय होतं आपलं? डॉक्टरांची सही पडली की मगच निरोप जायचा. सहीच गाळली तर निरोप निघणार कशावर?"

"निष्कर्षावर! निष्कर्ष लिहिला म्हणजे डॉक्टरांनी बघितलंच असणार ना? बघितल्याशिवाय कोण लिहील? सहीची अट मी त्या निरोपवाल्या प्रोग्राममधून आत्ताच काढून घेतो."

एरवी ती भांडली असती. भांडण्यात ती काही कमी नव्हती, आधीच्या साहेबांना तिने एकदा रडकुंडीला आणलं होतं. पण पाठ धरली होती, पोटात कावळे ओरडत होते, डबा तसाच पडला होता, आणि बोलणं बिनतोड वाटत होतं. बघितल्याशिवाय कोण लिहील? घोडं एकदाचं गंगेत न्हाऊ दे बाई. तिने सह्यांच्या तक्त्यापुढची निवडीची खूण काढली. सुरुवात म्हणून फक्त आजच्या नोंदी घ्यायच्या असं नेमून दिलं, बटण दाबलं, आणि इतक्या झटापटीनंतर जे झालं ते अगदीच बिनआवाजाचं होतं. लाल पट्टी गेली, हिरवा ठिपका आला. शेजारी लिहिलेलं होतं, 'जोडलेलं आहे'. खाली एकामागून एक ओळी सरकायला लागल्या, आजच्या नोंदी एकेक करून निघाल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं होतं, आनंद होईल. तिला फक्त भूक लागली होती. तिने डब्याचं झाकण उघडलं आणि तेवढ्यात फोन वाजला.

"ठमे," ताई म्हणाली. "आलं गं."

"काय आलं?"

"मेसेज. तुमच्या इस्पितळाचा. थांब, वाचते." ताई वाचताना नेहमी शाळेतल्यासारखी वाचायची, शब्द तोडून. "आपल्या तपासणीचा निष्कर्ष, संशयास्पद. कृपया आपल्या डॉक्टरांना भेटावे." मग तिने पुढचंही वाचलं, 'हा निरोप आपोआप पाठवलेला आहे, यास उत्तर देऊ नये.' "म्हणजे कॅन्सरच ना गं?"

हातात डब्याचं झाकण होतं, ते तिने परत डब्यावर ठेवलं, नीट दाबलं. मी केलं हे. आपल्या हाताने, टाळ्या घेत, ताईच्या फोनवर हे धाडलं. आणि सकाळी नियम सांगत होते! तेवढ्यात बाहेर गलका ऐकू आला. खिडकीची काच कुणीतरी तळहाताने बडवत होतं, एक बाई मोठमोठ्याने रडत होती, आणि रडण्याच्या मधे मधे फोन टिणटिणत होते. "ताई, ठेवू नकोस, आलेच," असं म्हणून ती दाराशी गेली. बाकांवर बसलेली माणसं एकमेकांना फोन दाखवत होती. संशयास्पद. संशयास्पद. तुमचंही? आमचंही. एवढी माणसं, सगळीच? असं कसं होईल? ती उलटी फिरली आणि लॅबमध्ये शिरली.

लॅबच्या बाई हातमोजे घालून चकत्या रंगवत होत्या. जुन्या, शांत बाई. आग लागली तरी आधी हात धुतील. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"अगं बाई," लॅबच्या बाई म्हणाल्या, "काच तयार झाली की आम्ही सगळ्यांनाच आधी संशयास्पद लिहितो."

"काय?"

"मग! निष्कर्ष कोरा ठेवला तर ते नाव डॉक्टरांच्या यादीत येतच नाही. तुझा तो प्रोग्राम खाऊन टाकतो. मागे एकाचं तसंच राहून गेलं होतं, कुणी बघितलंच नाही. तेव्हापासून आम्ही ठरवलं, आधी सगळे संशयास्पद. डॉक्टर बघतात आणि निर्धोक असेल त्याला सोडवतात. एकही सुटत नाही मग."

"हे मला कुणी सांगायचं होतं का नाही?"

"तुला कशाला सांगायचं? शेवटी आत बरोबरच असतं की सगळं."

खरंच होतं. शेवटी बरोबरच असायचं. डेटाबेसला शेवटचं काय ते ठेवायची सवय, मधलं कुणाला दिसत नसे. आणि आज तिने त्याला अशी शेजारीण जोडून दिली होती की जी दिसलं ते तिथल्या तिथे गावभर करते, खरं ठरायची वाट बघत नाही. चीड तर अशी आली होती की समोरच्या रंगाच्या बाटल्या भिंतीवर फोडाव्यात. साहेबांची आली, बाईंची आली, त्या गोडबोल्याची आली, आणि 'बघितल्याशिवाय कोण लिहील' यावर मान डोलवणाऱ्या स्वतःची तर आलीच आली. पण त्या चिडीच्या तळाशी काहीतरी हलकं झालं. म्हणजे ताईचं खोटं होतं! ती धावतच टेबलाशी आली.

"ताई, ऐक. ते खरं नाही. सगळ्यांनाच तसं गेलंय. इथे आधी सगळ्यांना संशयास्पद लिहितात, डॉक्टर मागून बघून दुरुस्त करतात. माझ्याच हातून आधीचं बाहेर पडलं."

पलीकडे ताई हसायला लागली. ती हसताना तिचा श्वास लागायचा, तसा लागला. "म्हणजे आधी नापास, मग पास! कुणाकडून शिकलं गं तुझं मशीन?"

"तुझ्याकडून," ती म्हणाली, आणि तिलाही हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं. "दुसरा निरोप येईल. डॉक्टरांनी बदललं की आपोआप येतो."

"येईल ना नक्की?"

"येईल गं."

तिने जोडणी तोडायला हात पुढे केला तर साहेब ओरडले, "बंद नका करू! बंद केलंत तर निर्धोकचे निरोप कसे जाणार?" तेही खरंच होतं, आता तो नळ बंद करण्याचीसुद्धा सोय उरली नव्हती. डॉक्टरांना जेवणावरून उठवून आणलं. "हा काय पोरखेळ आहे?" म्हणत ते भिंगाशी बसले, आणि लॅबच्या बाई एकेक काच पुढे सरकवू लागल्या. ती इकडे पडद्याशी बसली. एक ओळ आली, संशयास्पदचं निर्धोक झालं, आणि बाहेर एक फोन टिणटिणला. रडणारी बाई गप्प झाली. आणखी एक ओळ. बाहेर कुणीतरी "हुश्श" केलं. मग ओळी येतच राहिल्या. दर ओळीला बाहेर एखादं बाक मोकळं व्हायचं, एखादा माणूस खिडकीशी येऊन दोन शिव्या हासडून निघून जायचा. त्या शिव्या तिने अंगावर घेतल्या. खाव्यात अशाच होत्या. प्रत्येक टिणटिणीला ती मनात म्हणत होती, ही ताईची. निरोपाच्या ओळींत नावं नव्हती, नुसते नमुन्यांचे क्रमांक, आणि ताईचा क्रमांक तिने मुद्दाम कधी विचारला नव्हता. ही ताईची असेल. नाही तर ही.

मग ओळी विरळ झाल्या. तिने दारातून बाहेर पाहिलं. बाकं रिकामी झाली होती. एक गृहस्थ तेवढे बसून होते, मांडीवर पिशवी, पिशवीवर फोन, आणि नजर फोनवर. त्यांच्याकडे बघता बघता, जी गोष्ट तिला एवढ्या वर्षांच्या धंद्यात पाठ होती ती तिला तेव्हा कुठे कळली. बदल झाला तर निरोप. बदल झाला नाही तर निरोप नाही. डॉक्टरांनी काच बघितली आणि ती खरोखरच संशयास्पद निघाली, तर बदलायचं काय? लिहिलेलं आधीच बरोबर आहे. नुसती खाली सही करायची. आणि सह्यांचा तक्ता जोडलेला नव्हता.

डॉक्टर अंगठ्याने मान चोळत बाहेर आले. "झालं एकदाचं," ते म्हणाले.

"सगळे बघितले?" तिने विचारलं.

"सगळे."

"कुठलं पुन्हा बघायचं ठेवलंय? अर्धवट? उद्यावर?"

"काही नाही ठेवलं. सोडवायचे ते सोडवले. बाकीचे तसेच, त्यांना काय करायचंय? होतंच की लिहिलेलं."

"चला, निस्तरलं," साहेब म्हणाले आणि उरलेली गार कॉफी एका घोटात प्याले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "डॉक्टर, बाहेर एक गृहस्थ बसलेत," ती म्हणाली. "त्यांना आत बोलवून तुम्ही स्वतः सांगा. त्यांना निरोप येणार नाही." डॉक्टरांनाही उमगलं असावं, त्यांनी कोट परत चढवला आणि ते बाहेर गेले.

ती पडद्याशी येऊन बसली. दोन दिवस जिच्यासाठी तिने जीव टाकला, शिव्या दिल्या, जिने झिजवले, ती जोडणी आता तुटलेली असावी म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती. तूट ना मेले! एवढी तुटत होतीस, आता तूट. ओळख पटली नाही म्हण. उत्तर नाही म्हण. कुठंतरी एखादा निरोप अडकून पडलेला असू दे, एखाद्या कोऱ्या जागेला अडून. तिने पान रिफ्रेश केलं. हिरवा ठिपका. पुन्हा केलं. हिरवाच. ठिपक्याखाली वाटेत किती निरोप आहेत ते दाखवणारा आकडा असतो. तिथं शून्य होतं. निघालेलं सगळं पोचलं होतं. कंपनीची सेवा, जोडल्यावर, अगदी चोख होती.

फोन वाजला तेव्हा तिने तो लगेच उचलला नाही. मग उचलला.

"ठमे, माझा दुसरा कुठं अडकलाय गं? तुझ्या मशीनला जरा दटाव की."

एक वाक्य पुरलं असतं. ताई, नेटवर्क गेलंय. ताई, उद्या येईल. सगळं जग ते बोलतं आणि सगळं जग त्यावर विश्वास ठेवतं. दोन दिवस तिने दुसरं काही ऐकलंच नव्हतं. तिने तोंड उघडलं. खुर्चीखाली पेनचं टोपण पडलेलं दिसलं.

"ताई, घरीच आहेस ना?"

"मग जाणार कुठं?"

"मी येते. आत्ताच निघते."

"काम टाकून?" ताई म्हणाली. "तू?"

पलीकडे ताईच्या स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता, तो ऐकू येत होता. तो दुरुस्त करून घे, असं ती ताईला कितीदा सांगत आली होती. ताई वाट बघत होती, पुढच्या वाक्याची. आणि ही फोन धरून बसली होती, आणि हिच्याकडे पुढचं वाक्य नव्हतं.

"बरं," शेवटी ताई म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता. "मग येताना दूध घेऊन ये. चहापुरतंही नाहीये घरात."

"आणते," ती म्हणाली. तिने डबा पिशवीत टाकला, वाकून खुर्चीखालचं टोपण काढलं, पेनला लावलं, आणि पडदा तसाच चालू ठेवून ती निघाली.